शेवटी तीच का वाचते? स्लॅशर सिनेमातल्या ठरलेल्या पात्रांची गोष्ट

(एपिसोडचा लिखित मजकूर. बोलताना झालेली अडखळ तेवढी काढली आहे.)

आज सुरुवातीलाच एक छोटी परीक्षा. एक सिनेमा डोळ्यांसमोर आणा. कॉलेजातली पाच मुलंमुली गाडीतून जंगलातल्या एका जुन्या घराकडे निघालीयेत. गाडी चालवतोय तो धिप्पाड, खेळाडू. शेजारी त्याची गर्लफ्रेंड, सोनेरी केसांची, मोठमोठ्याने हसणारी. मागे एक हुशार, चष्मेवाला. त्याच्या बाजूला सारख्या टवाळक्या करणारा एक जण. आणि खिडकीपाशी एक शांत मुलगी. वाटेत पेट्रोल भरायला थांबतात, तर तिथला म्हातारा म्हणतो, पोरांनो, अजून वेळ आहे, मागे फिरा.

सांगा, शेवटपर्यंत कोण जिवंत राहणार?

खिडकीपाशी बसलेली. बरोबर? मी सिनेमाचं नाव सांगितलं नाही, खुनी कोण ते सांगितलं नाही, तरी उत्तर तयार. पहिल्यांदा कोण जाणार तेही तुमचं ठरलेलं असेल. आणि का, असं विचारलं तर कारणही ठरलेलं: शांत मुलगी 'चांगली' आहे. पीत नाही, कोणाबरोबर झोपत नाही, म्हणून वाचते. बाकीचे मजा करतात, म्हणून मरतात.

आज या नियमाचा इतिहास बघू. गंमत अशी की ज्या सिनेमांनी हा नियम घातला असं आपण मानतो, ते सिनेमे नीट बघितले तर त्यांत हा नियम पाळलेलाच नाही. मग तो आला कुठून? आणि हा प्रश्न नुसत्या ट्रिव्हियाचा नाहीये. कोण मेलं तर हळहळायचं आणि कोण मेलं तर 'ओढवून घेतलं' म्हणायचं, हे आपल्या डोक्यात कसं बसतं, याचा हा प्रश्न आहे.

स्पॉयलर भरपूर आहेत. पण यातले बरेचसे सिनेमे माझ्या जन्माच्या आधीचे आहेत, त्यामुळे तक्रार चालणार नाही.

साचा का लागतो?

आधी शब्द. स्लॅशर म्हणजे ज्यात एक खुनी, बहुतेक वेळा मुखवटा घातलेला, सुरा किंवा तसलंच काही हत्यार घेऊन एका टोळक्यातल्या लोकांना एकेक करून मारतो. भूत-प्रेत असेलच असं नाही. बंदूक तर फारशी नाहीच, कारण बंदुकीने काम फार लवकर आटोपतं.

आता दीड तासाच्या सिनेमात आठ-दहा माणसं मारायची, तर प्रत्येकाची ओळख करून द्यायला वेळ कुठून आणायचा? म्हणून साचे. यात कमीपणा काही नाही. आपल्या तमाशात मावशी आली की ती कशी बोलणार, कोणाची फिरकी घेणार, हे प्रेक्षकाला आधीच माहीत असतं. तिची ओळख करून देण्यात वेळ जात नाही, थेट खेळ सुरू होतो. साचा म्हणजे वाचवलेला वेळ.

पण मावशीचा साचा तिच्या स्वभावावर बेतलेला आहे. स्लॅशरमधले साचे आपण वेगळ्या गोष्टीवर बेततो: कोण मरणार आणि कोण नाही. म्हणून ते कसे घडले हे बघणं महत्त्वाचं.

१९६०: पैसे परत करायचं ठरवलं, आणि मेली

सुरुवात आल्फ्रेड हिचकॉकच्या 'सायको'पासून करू. साल १९६०. मॅरियन क्रेन नावाची बाई ऑफिसातले चाळीस हजार डॉलर चोरते, पळून जाताना एका मोटेलमध्ये थांबते आणि शॉवरखाली तिचा खून होतो. ही भूमिका जॅनेट ली करत होती, म्हणजे पोस्टरवरची स्टार. ती पाऊण तासाच्या आसपासच जाते. तेव्हाच्या प्रेक्षकाला हा धक्का होता.

वरवर बघितलं तर नियम लागू झाला असं वाटेल. चोरी केली, शिक्षा मिळाली. पण सिनेमात क्रम काय आहे? मोटेलवर आल्यावर मॅरियनला पश्चात्ताप होतो, परत जाऊन पैसे देऊन टाकायचं ती ठरवते. मनावरचं ओझं उतरलंय, म्हणून ती आंघोळीला जाते. आणि तेव्हा मारली जाते. खुनी नॉर्मन बेट्सला त्या पैशांचा पत्तासुद्धा नाहीये. वर्तमानपत्रात गुंडाळलेली ती रक्कम तो नकळत गाडीबरोबर दलदलीत बुडवून टाकतो.

म्हणजे ती चांगली की वाईट, याचा तिच्या मरणाशी काही संबंध नाही. हिचकॉकला नेमकं हेच हवं होतं. मरण कुठूनही येऊ शकतं, ही खरी भीती.

१९७४: आधी 'चांगली' मुलगी जाते

पुढे १९७४. एकाच वर्षात दोन सिनेमे आले आणि स्लॅशरचा पाया पडला.

पहिला कॅनडाचा, बॉब क्लार्क यांचा 'ब्लॅक ख्रिसमस'. मुलींचं हॉस्टेलसारखं एक घर, ख्रिसमसची सुट्टी, फोनवर घाणेरडं बोलणारा कोणी एक जण, आणि तो घरातच वर माळ्यावर लपलाय. इथे पहिला बळी कोणाचा? क्लेअर. लाजरीबुजरी, सभ्य, वडील घ्यायला येणार म्हणून बॅग भरत असलेली. आपल्या हिशोबाने हीच शेवटपर्यंत टिकायला हवी होती. ती सगळ्यांत आधी जाते.

आणि शेवटपर्यंत टिकते कोण? जेस. ती गरोदर आहे, तिला मूल नकोय आणि गर्भपात करायचा तिने ठरवलंय. बॉयफ्रेंड लग्नाचा आग्रह धरतो, रडतो, धमकावतो. ती शांतपणे नाही म्हणते. लक्षात घ्या, त्या काळात कॅनडात गर्भपातासाठी हॉस्पिटलच्या समितीची परवानगी लागायची. म्हणजे विषय तापलेला होता. तरी सिनेमा जेसला कुठेही शिक्षा करत नाही. शेवटी ती सुरक्षित आहे की नाही हे दिग्दर्शकाने मुद्दाम अधांतरी ठेवलंय, पण ते सगळ्यांच्याच बाबतीत.

दुसरा सिनेमा टोबी हूपर यांचा 'द टेक्सस चेन सॉ मॅसेकर'. व्हॅनमधून निघालेले पाच तरुण. पेट्रोल पंपावर पेट्रोल संपलेलं. त्यातला कर्क जवळच्या घरातून जनरेटरचा आवाज ऐकतो, थोडं पेट्रोल मिळेल का विचारायला आत शिरतो आणि मारला जातो. त्याची मैत्रीण त्याला शोधायला जाते, ती मरते. तिसरा त्या दोघांना शोधायला जातो, तो मरतो. यात पाप कुठे आहे? एक जण पेट्रोल मागायला गेला आणि दोघं मित्रांना शोधायला गेली. सॅली वाचते, कारण ती पळते. खिडकीच्या काचा फोडून उडी मारते, एकदा नाही, दोनदा. आणि शेवटी तिला रस्त्यावर एक पिकअप ट्रक मिळतो. तिचं चारित्र्य कसं आहे हे सिनेमा आपल्याला सांगतच नाही.

१९७८: लॉरीची किल्ली

आता मुख्य आरोपी. जॉन कारपेंटर यांचा 'हॅलोवीन'. फायनल गर्लचा विषय निघाला की पहिलं नाव लॉरी स्ट्रोडचं येतं. ही भूमिका जेमी ली कर्टिसने केली, आणि ती 'सायको'च्या जॅनेट लीची मुलगी. लेकीला घेतल्याने प्रसिद्धी आपोआप मिळणार होती.

लॉरीला बॉयफ्रेंड नाही. हातात वह्या-पुस्तकं. लोकांची मुलं सांभाळते. तिच्या मैत्रिणी ॲनी आणि लिंडा बिनधास्त. दोघी मरतात, लॉरी वाचते. झालं, नियम तयार!

थांबा. पहिली गोष्ट: मायकल मायर्स लॉरीच्या मागे लागतो का? तिचे वडील घरं विकण्याचा व्यवसाय करतात. ते तिला सकाळी सांगतात, शाळेत जाताना मायर्सच्या पडक्या घराची किल्ली तिथे ठेवून ये. ती बिचारी ऐकते. मायकल त्या घरात लपलेला असतो, तो तिला दारात बघतो आणि दिवसभर तिचा माग काढतो. म्हणजे वडिलांचं निमूटपणे ऐकल्यामुळे ती खुन्याच्या नजरेत येते. 'वाईट वागलं तर शिक्षा' हे सूत्र इथेच उलटं पडलं.

दुसरी गोष्ट: संध्याकाळी ॲनीच्या गाडीतून जाताना लॉरी गांजा ओढते. वाटेत ॲनीचे वडील, जे गावचे शेरीफ आहेत, ते दिसतात तेव्हा दोघींची कोण धांदल उडते! हा सीन सगळेजण विसरतात.

तिसरी, सगळ्यांत महत्त्वाची: लॉरी बघते. वर्गाच्या खिडकीतून तिला पलीकडे उभी असलेली गाडी दिसते. झुडपामागे उभा माणूस दिसतो. वाळत घातलेल्या कपड्यांमध्ये कोणी उभं आहे हे दिसतं. मैत्रिणींचं लक्ष फोनवर, बॉयफ्रेंडमध्ये, कपड्यांवरच्या डागात. कारपेंटरने नंतर मुलाखतींमध्ये अनेकदा सांगितलंय की सेक्सची शिक्षा द्यावी असं त्याच्या मनात नव्हतं. बाकीच्यांचं लक्ष दुसरीकडे होतं, आणि लॉरी एकटी होती म्हणून तिचं लक्ष होतं. मुलींचे संवाद प्रामुख्याने डेब्रा हिलने लिहिले. ती सहलेखिका आणि निर्माती. स्वतः तरुणपणी लोकांची मुलं सांभाळलेली. ॲनी आणि लिंडाची बडबड इतकी खरी वाटते, कारण ती त्यांना तुच्छ लेखून लिहिलेली नाही.

मग साचा आला कुठून? पैशांतून. 'हॅलोवीन'चं बजेट तीन लाख डॉलरच्या थोडं वर, शूटिंग वीसेक दिवसांचं. कॅलिफोर्नियात, तेही वसंत ऋतूत, आणि कथा ऑक्टोबरमधली! म्हणून पानं रंगवून रस्त्यावर पसरायची, शॉट झाला की गोळा करायची, पुढच्या शॉटला परत पसरायची. मायकलचा मुखवटा म्हणजे दुकानात मिळणारा 'स्टार ट्रेक'च्या कॅप्टन कर्कचा मुखवटा, पांढरा रंगवलेला. धोक्याची सूचना देत फिरणारे डॉक्टर लूमिस? डोनाल्ड प्लेझन्स हे त्यातलं एकमेव मोठं नाव, त्यांना पाच दिवसांसाठी घेतलेलं. पाच दिवसांत जेवढं शूट होईल तेवढी भूमिका. म्हणून ते सिनेमाभर फिरतात आणि 'तो येतोय' हे सांगत राहतात. पात्रांचे आई-बाप जवळजवळ दिसतच नाहीत. नवी, स्वस्त, तरुण मंडळी, दोन-तीन घरं, एक रात्र. इतक्यावर सिनेमा उभा राहिला आणि अमेरिकेत त्याने चार कोटी सत्तर लाख डॉलर कमावले.

पुढे काय झालं असेल ते सांगायला नको.

१९८०: कॉपी-पेस्ट

शॉन कनिंगहॅम या निर्माता-दिग्दर्शकाने 'हॅलोवीन'चा गल्ला बघितला आणि 'फ्रायडे द थर्टीन्थ' या नावाची जाहिरात 'व्हरायटी'त देऊन टाकली. तेव्हा दाखवण्यासारखा सिनेमा हातात नव्हता, होतं ते नाव. बजेट साडेपाच लाख डॉलर. पॅरामाउंटने तो विकत घेतला आणि मे १९८० मध्ये देशभर लावला. अमेरिकेतली कमाई चार कोटींच्या आसपास.

साचे पक्के झाले ते इथे. प्रत्येकाचं काम बघा:

धोक्याची सूचना देणारा म्हातारा, इथे सायकलवर फिरणारा रॅल्फ. जागेचा इतिहास दोन वाक्यांत सांगायचा आणि निघायचं. महागडा फ्लॅशबॅक वाचतो.

टवाळखोर. तो खोटं घाबरवतो. नेड नावाचा मुलगा बुडाल्याचं नाटक करतो. त्यामुळे खून न करताही प्रेक्षक दचकतो, आणि खरं संकट येतं तेव्हा पात्रं गाफील असतात. तिसऱ्या भागात, १९८२ साली, शेली नावाचा असाच टवाळ गळा चिरलेल्या अवस्थेत दारात येतो, तर समोरच्या मुलीला ती मस्करीच वाटते. आणि जेसनचा तो जगप्रसिद्ध हॉकी मुखवटा माहितीये ना? तो मुळात शेलीचा. लोकांना घाबरवायला त्याने आणलेला. जेसनने तो त्याच्याकडून घेतला!

प्रेमात पडलेली जोडी. एकेकाला मारायचं तर माणसं एकमेकांपासून दूर जायला हवीत. जोडपं स्वतःहून एकांत शोधतं. लेखकाला वेगळं कारण द्यावं लागत नाही. आणि उघडं अंग पडद्यावर दिसलं की तरुण पोरं तिकीट काढतात, हा सरळ धंद्याचा हिशोब. नीतीचा धडा वगैरे कोणी देत नव्हतं.

आम्ही सॉफ्टवेअरवाले हा प्रकार रोज बघतो. कोणीतरी घाईत, वेळ नाही म्हणून एक जुगाड लिहितो. दुसरा तो चालतोय म्हणून उचलतो. दहा वर्षांनी नवीन आलेला विचारतो की हे असं का, तर उत्तर मिळतं, असंच असतं, स्टँडर्ड आहे.

पण इथेही वाचलेली ॲलिस बघा. ती बिअर पिते, आणि हरला की अंगावरचा एक कपडा काढायचा असा मोनोपॉलीचा खेळ खेळते. उलट, लहान मुलांच्या कॅम्पमध्ये स्वयंपाकाची नोकरी करायला, आनंदाने, लिफ्ट मागत निघालेली ॲनी कॅम्पपर्यंत पोहोचतही नाही. तिचा गुन्हा काय, तर गाडीत बसली.

आता एक गोष्ट नीट ऐका, कारण आजच्या एपिसोडचा गाभा हाच आहे. या सिनेमात 'मजा करणाऱ्यांनी मेलंच पाहिजे' असं मानणारं एक माणूस आहे. मिसेस वूर्हीस. त्यांचा मुलगा १९५७ मध्ये तळ्यात बुडाला, तेव्हा त्याच्यावर लक्ष ठेवणारे तरुण एकमेकांत गुंतले होते असं त्या सांगतात. म्हणून त्या वर्षानुवर्षांनी, ज्यांचा त्या घटनेशी काडीचा संबंध नाही, अशा पोरांना मारतात. म्हणजे ज्याला आपण स्लॅशरचा नियम म्हणतो, तो या सिनेमात खुन्याच्या तोंडी आहे! सिनेमा तिला वेडी ठरवतो. आणि आपण प्रेक्षक थेटरातून बाहेर येऊन तिचंच म्हणणं नियम म्हणून सांगतो.

लाट आणि शिक्का

१९८० आणि ८१ मध्ये असे सिनेमे धडाधड आले. 'प्रॉम नाइट', 'टेरर ट्रेन', 'माय ब्लडी व्हॅलेंटाइन', 'हॅपी बर्थडे टू मी'. हे चारही कॅनडाचे, बरं का. तिथल्या कायद्यानुसार सिनेमात गुंतवलेल्या पैशाची पूर्ण वजावट करात मिळायची. मग डॉक्टर-दंतवैद्यसुद्धा सिनेमात पैसे घालू लागले. पैसा सुरक्षित हवा, म्हणजे फॉर्म्युला ठरलेला हवा.

अमेरिकेत जीन सिस्कल आणि रॉजर ईबर्ट या समीक्षकांनी १९८० मध्ये आपल्या टीव्ही कार्यक्रमाचा अख्खा एक भाग या सिनेमांवर तुटून पडण्यात घालवला. स्वतंत्र वागणाऱ्या बायकांना शिक्षा करणारे सिनेमे, असं त्यांचं म्हणणं. 'हॅलोवीन'ला मात्र दोघांनीही वेगळं काढलं.

मग १९८७ मध्ये कॅरल क्लोव्हर यांचा निबंध आला. या बाई बर्कलीच्या विद्यापीठात प्राध्यापक, आणि मूळ अभ्यास आइसलंडच्या मध्ययुगीन गाथांचा. त्यांनी 'फायनल गर्ल', म्हणजे शेवटी उरलेली मुलगी, हा शब्द रूढ केला. त्यांचा प्रश्न भारी होता: थेटरात बसलेली गर्दी बहुतांशी तरुण मुलग्यांची. ते सुरुवातीला खुन्याच्या डोळ्यांनी बघतात, कारण कॅमेराच तिथे असतो. मग शेवटच्या अर्ध्या तासात तेच मुलगे एका मुलीच्या बाजूने ओरडायला का लागतात? क्लोव्हर म्हणाल्या, कारण ते तिच्यात स्वतःला बघतात. ती सावध असते, विचार करते, हाताला लागेल ते हत्यार उचलते. ती बाकीच्या मुलींपेक्षा लैंगिक बाबतीत अलिप्त असते हेही त्यांनी नोंदवलं. पण लोकांनी त्या निबंधातली ही एकच ओळ उचलली. सावधपणा राहिला बाजूला, 'कुमारिका वाचते' एवढंच उरलं.

हे सगळं खोटं होतं का? तर नाही. १९९० मध्ये ग्लोरिया कोवन आणि मार्गारेट ओब्रायन यांनी छप्पन्न स्लॅशर सिनेमे मोजून बघितले. बळींमध्ये स्त्रिया आणि पुरुष जवळपास सारखेच निघाले. म्हणजे 'यात फक्त बायका मरतात' हे खरं नव्हतं. पण ज्या स्त्रिया मेल्या, त्या वाचलेल्या स्त्रियांपेक्षा जास्त वेळा लैंगिक रूपात दाखवलेल्या होत्या. नकलेची नक्कल होत होत, मुळात नसलेला नियम खरा व्हायला लागला होता.

१९९६: नियम पाठ झाले

आता एक मशीन लक्षात घ्या: व्हिडिओ प्लेअर. थेटरात वर्षाला दोन-तीन स्लॅशर बघणाऱ्याला साचे दिसत नाहीत. कॅसेट आणून आठवड्यात सहा बघणाऱ्याला दिसतात. १९८० च्या दशकात अमेरिकेत एक पिढी अशी वाढली.

त्या पिढीचा सिनेमा म्हणजे 'स्क्रीम'. डिसेंबर १९९६. लेखक केव्हिन विल्यमसन, दिग्दर्शक वेस क्रेव्हन, म्हणजे 'नाइटमेअर ऑन एल्म स्ट्रीट'वाले. त्यात रँडी नावाचा पोरगा व्हिडिओच्या दुकानात काम करतो. पार्टीत सगळ्यांसमोर उभा राहून तो नियम सांगतो: सेक्स नाही, दारू-ड्रग्ज नाही, आणि 'आलोच मी' असं कधी म्हणायचं नाही.

आता गंमत बघा. तेव्हा त्या पार्टीत टीव्हीवर कोणता सिनेमा चालू आहे? 'हॅलोवीन'. म्हणजे ज्या सिनेमाची नायिका गांजा ओढून वाचते, तो मागे चालू ठेवून रँडी सांगतोय की ड्रग्ज घेतले तर मरणार! आणि त्याच वेळी वरच्या खोलीत नायिका सिडनी आपल्या बॉयफ्रेंडबरोबर आहे. ती वाचते. विल्यमसनने नियम सांगितला तो मोडण्यासाठी. पण जगाने लक्षात ठेवलं ते रँडीचं भाषण. ज्यांनी एकही स्लॅशर बघितला नाही, त्यांनाही आज नियम पाठ आहेत.

यादीत जागाच नसलेले

एक साचा राहिलाच. 'काळा माणूस आधी मरतो', असं अमेरिकेत म्हटलं जातं. रॉबिन मीन्स कोलमन आणि मार्क हॅरिस यांनी २०२३ मध्ये याच नावाचं पुस्तक लिहिलं. अक्षरशः पहिला बळी दर वेळी कृष्णवर्णीयच असतो असं नाही. 'फ्रायडे'च्या पाचव्या भागात रेजी नावाचा कृष्णवर्णीय मुलगा वाचतोही. दुखणं वेगळं आहे. 'हॅलोवीन'च्या त्या गावात, 'फ्रायडे'च्या त्या पहिल्या कॅम्पवर मुख्य मुलामुलींत कृष्णवर्णीय कोणी नाहीच. नंतर कोणी आलं ते टोळक्यात एखादंच, स्वतःची गोष्ट नसलेलं. 'एल्म स्ट्रीट'च्या तिसऱ्या भागात किनकेड जिद्दीने लढून वाचतो, आणि चौथ्या भागात पहिला बळी त्याचाच.

म्हणून 'स्क्रीम २'ची सुरुवात, १९९७ ची, लक्षात राहते. थेटरात आलेलं एक कृष्णवर्णीय जोडपं याच विषयावर वाद घालतंय की या सिनेमांत आपण असतोच कुठे. आणि काही मिनिटांत ते दोघं मारले जातात. हसावं की गप्प बसावं कळत नाही. २०२३ मध्ये लागलेल्या 'द ब्लॅकनिंग'ने यावर सोपा उपाय काढला: सगळेच मित्र कृष्णवर्णीय घेतले. आता सगळे तर पहिले मरू शकत नाहीत ना!

मुंबईत काय झालं?

आपल्याकडे हा प्रकार आला तेव्हा साचे बदलले, आणि तेच माझ्या मते सगळ्यांत बोलकं आहे. मुंबईच्या रामसे बंधूंनी १९९० च्या दशकात 'महाकाल' काढला. सरळसरळ 'एल्म स्ट्रीट'वर बेतलेला, पंजावर लोखंडी नखं असलेला शाकाल त्यात आहे. पण अमेरिकेतला तो खेळाडू, तो चष्मेवाला हुशार, हे कुठे गायब? त्याऐवजी गाणी आली आणि जॉनी लिव्हर आला. इथल्या प्रेक्षकाला मध्यंतराआधी हसायला हवं होतं. खुनी तोच, स्वप्नंही तीच, माणसांची यादी मात्र इथल्या बाजाराप्रमाणे. साचे हे भीतीचे शाश्वत नियम असते तर प्रवासात बदलले नसते.

कंट्रोल रूम

सुरुवातीला मी जी गाडी रंगवली, तिच्यासारखीच एक गाडी २०१२ च्या 'द केबिन इन द वुड्स'मध्ये आहे. ड्रू गोडार्ड आणि जॉस व्हेडन यांचा सिनेमा. त्यात जमिनीखाली एक कंट्रोल रूम आहे. शर्ट-टाय घातलेले नोकरदार स्क्रीनवर पोरांकडे बघतात, कॉफी पितात आणि यांचा शेवट कशाने होणार यावर पैजा लावतात. देवांना बळी द्यायचाय, आणि त्यासाठी पाच साचे लागतात: खेळाडू, विद्वान, विदूषक, चवचाल बाई, कुमारिका.

पण हाताशी असलेली मुलं तशी नाहीतच. 'खेळाडू' हा शिष्यवृत्ती मिळवलेला, समाजशास्त्र शिकणारा. 'चवचाल' ठरवलेली मुलगी डॉक्टर व्हायच्या तयारीत. म्हणून तिच्या केसांच्या रंगात रसायन मिसळून तिची बुद्धी मंद केली जाते. 'कुमारिका' तर तशी नाहीच, पण चालवून घेतलं जातं. माणसं साच्यात बसत नाहीत, तर त्यांना ठोकून बसवलं जातं.

ती कंट्रोल रूम म्हणजे आपण. सोफ्यावर बसून 'ही जाणार बघ आता' म्हणणारे. सिनेमापुरतं ठीक आहे, मजा येते, मीही म्हणतो. पण एखाद्या मुलीवर हल्ला झाल्याची खरी बातमी येते तेव्हा घराघरांत पहिला प्रश्न काय निघतो? इतक्या रात्री ती तिथे काय करत होती? बरोबर कोण होतं? प्यायली होती का? म्हणजे पुन्हा तेच: मेलेलीच्या वागण्यात मरणाचं कारण शोधायचं. मारणारा मुखवट्याआड राहतो, त्याच्याबद्दल कोणी विचारत नाही.

आपल्याला असं का करावंसं वाटतं तेही कळतं. ती चुकली म्हणून गेली असं म्हटलं की मी चुकणार नाही, म्हणजे मी वाचणार, अशी सोय होते. हिचकॉकने १९६० मध्ये नेमकी हीच सोय काढून घेतली होती. पैसे परत करायला निघालेली बाई मेली, आणि प्रेक्षकाकडे धरायला काही उरलं नाही. त्यानंतरची वीस-तीस वर्षं आपण ती सोय परत मिळवण्यात घालवली आणि तिला नियम असं नाव दिलं.

तर यंदा ऑक्टोबरमध्ये 'हॅलोवीन' पुन्हा लावाल, तेव्हा एक करून बघा. कोण कोणाबरोबर झोपतंय ते मोजू नका. कोण खिडकीबाहेर बघतंय ते मोजा. आणि ॲनी गाडीत बसते तेव्हा 'आता ही जाणार' म्हणण्याआधी तिचं नुसतं ऐका. किती मजेशीर बोलते ती पोरगी. तिला घरी पोहोचायला हवं होतं.

एपिसोड आवडला तर स्लॅशर बघून रात्रभर दिवा चालू ठेवणाऱ्या तुमच्या मित्राला पाठवा. पुढच्या वेळी भेटू. आलोच मी... नाही नाही, हे म्हणायचं नसतं!